'सगळं पास' म्हणजे नक्की काय पास? डेटाबेस ड्रायव्हर बिल्ड करणं, तपासणं आणि बसवणं

(मालवण येथील व्याख्यानाचं शब्दांकन. कमांड आणि संदेश उच्चारानुसार दिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.)

पावसाचा आवाज मोठा आहे, मागच्या रांगेत ऐकू येत नसेल तर हात वर करा. लाईट गेली तरी आम्ही थांबणार नाही, कारण आजच्या विषयाला पडदा फारसा लागत नाही.

सध्या १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी चालू आहे. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या झावळ्यांनी शाकारून ठेवल्यात. सोसायट्यांच्या ऑफिसांत मात्र याच दोन महिन्यांत कामं निघतात. सभासदांच्या याद्या, परवाने, डिझेलच्या करपरताव्याचे कागद, आणि "तो कॉम्प्युटर एकदा बघून घ्या." आज त्या कॉम्प्युटरमधल्या एका लहानशा भागाबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव डेटाबेस ड्रायव्हर. हा भाग नीट न तपासता बसवल्यामुळे आमच्या हातून एका सोसायटीच्या नोंदी खराब झाल्या होत्या. ती गोष्टही सांगणार आहोत, पण आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू.

ड्रायव्हर म्हटलं की गाडी चालवणारा डोळ्यांसमोर येतो. इथे त्याला दुभाषी म्हणा. तुमचा प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला असतो, पर्ल, पायथन, काहीही. डेटाबेस सर्व्हर स्वतःच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतो, आणि मायएसक्यूएलची पद्धत वेगळी, पोस्टग्रेसची वेगळी. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. पर्लमध्ये याची मांडणी फार स्वच्छ आहे, म्हणून उदाहरण पर्लचंच घेतो. टिम बन्स यांनी १९९४ मध्ये डीबीआय नावाचं मॉड्यूल प्रसिद्ध केलं. प्रोग्रामर फक्त डीबीआयशी बोलतो. जोडणी कर, क्वेरी तयार कर, चालव, ओळी आण, एवढीच भाषा. त्याच्या खाली प्रत्येक डेटाबेससाठी एकेक डीबीडी असतो. मायएसक्यूएलसाठी डीबीडी-मायएसक्यूएल, पोस्टग्रेससाठी डीबीडी-पीजी, एसक्यूलाईटसाठी डीबीडी-एसक्यूलाईट. उद्या डेटाबेस बदलला तर प्रोग्राम बराचसा तोच राहतो, दुभाषी बदलतो.

आता हा दुभाषी बिल्ड का करावा लागतो? साधी पर्लची फाईल का नाही चालत? कारण त्याचा अर्धा भाग सी भाषेत असतो. सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी मायएसक्यूएलवाल्यांनी सीमध्ये लिहून ठेवली आहे, आणि ड्रायव्हर त्या लायब्ररीला पर्लशी जोडतो. त्यामुळे बिल्ड करताना चार गोष्टी जागेवर लागतात. सी कंपायलर, आधीच बसवलेलं डीबीआय, मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी, आणि तिच्या हेडर फाईली. नवीन माणूस नेहमी अडकतो तो चौथ्या गोष्टीवर. "सर्व्हर तर आहे, मग हेडर सापडत नाही असं का म्हणतोय?" अहो, सर्व्हर असणं वेगळं आणि डेव्हलपमेंटचं पॅकेज असणं वेगळं. लिनक्सवर ज्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं, ते बसवा. त्यातून मायएसक्यूएल-कॉन्फिग नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. लायब्ररी कुठे आहे आणि हेडर कुठे आहेत, हे ड्रायव्हर त्यालाच विचारतो. सर्व्हर त्याच मशीनवर असायलाही हवा असं नाही. तो पलीकडच्या खोलीत असला तरी चालतो, लायब्ररी मात्र इथेच लागते.

एक सूचना जाता जाता. डेबियनने २०१७ पासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी घेतला. आणि डीबीडी-मायएसक्यूएलची २०२३ मध्ये आलेली पाचवी आवृत्ती मारियाडीबीच्या लायब्ररीवर बिल्डच होत नाही. तिथे एकतर चौथ्या मालिकेतली आवृत्ती घ्या, नाहीतर डीबीडी-मारियाडीबी हा वेगळा ड्रायव्हर. यात लोकांचे अख्खे दिवस जातात, म्हणून आधीच सांगितलं.

साहित्य जमलं की चार कमांड. 'पर्ल मेकफाईल डॉट पीएल', मग 'मेक', मग 'मेक टेस्ट', मग 'मेक इन्स्टॉल'. पहिली कमांड तुमचं मशीन बघून मेकफाईल तयार करते. दुसरी सी कोड कंपाइल करून 'ब्लिब' नावाच्या फोल्डरमध्ये सगळं मांडून ठेवते. अजून तुमच्या मूळ पर्लला काहीही धक्का लागलेला नाही, हे लक्षात घ्या. तिसरी कमांड त्या ब्लिबमधला ड्रायव्हर तात्पुरता वापरून चाचण्या चालवते. चौथी त्याला पर्लच्या कायमच्या जागी नेऊन ठेवते. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर बाहेर येण्याआधी अडवायची जागा एकच, तिसरी. आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते तीही तीच. नाहीतर तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं जातं. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इथून फार लांब नाही, किनाऱ्यावरच्या एका सोसायटीचं काम आमच्याकडे होतं. सभासद, होड्या, रोजची आवक, कोणत्या माशाला लिलावात काय दर मिळाला, असं सगळं मायएसक्यूएलमध्ये. सर्व्हर जुना, पण चालू. ज्या कॉम्प्युटरवर पर्लचा प्रोग्राम होता तो पावसाळ्यात बंद पडला. नवा आणला. नेट धड चालत नव्हतं, म्हणून मॉड्यूलच्या फाईली पेन ड्राईव्हवर नेल्या आणि तिथेच बिल्ड केलं. मेक झालं. मेक टेस्ट दिलं, ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी आलं, 'रिझल्ट: पास'. आम्ही खूश. इन्स्टॉल केलं. मराठी नीट दिसावं म्हणून जोडणीत यूटीएफ-आठचं बटणही चालू केलं, जे आधीच्या प्रोग्रामात नव्हतं. चहा घेतला आणि घरी आलो.

दोन दिवसांनी फोन. गेलो तर एक वयस्कर रापणकार आजोबा स्क्रीनकडे बोट दाखवून उभे. "ह्यां काय रे? माझां नाव खंय गेलां?" त्यांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. जुन्या नोंदींची वेगळीच तऱ्हा. तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, मग एखादं चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, पुन्हा तोच ए. दर तिसऱ्या जागी तो ए यायचाच.

यात दोन वेगळे बिघाड होते, आणि ते वेगळे ओळखता येणं महत्त्वाचं आहे, कारण एक दुरुस्त होतो आणि दुसरा होत नाही. थोडं सावकाश जाऊ.

यूटीएफ-आठमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'मालवण' हा शब्द घ्या. म, काना, ल, व, ण. पाच चिन्हं, पंधरा बाइट. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सोळाच्या पद्धतीत 'ई शून्य' असतो, आणि लॅटिन-एक या जुन्या संचात 'ई शून्य' म्हणजेच तो रेघवाला ए. म्हणून तो दर तिसऱ्या जागी दिसतो. कुठेही तसा मजकूर दिसला की समजा, यूटीएफ-आठचे बाइट कोणीतरी लॅटिन म्हणून वाचतंय.

मायएसक्यूएल आठव्या आवृत्तीपर्यंत मुळात लॅटिन-एक हाच संच गृहीत धरायचा. त्या सोसायटीचे टेबल तसेच बनलेले. जुना ड्रायव्हरही जोडणी लॅटिन-एकचीच करायचा. प्रोग्राम मराठीचे बाइट पाठवायचा, सर्व्हरला वाटायचं हे लॅटिन आहे, तो ते जसेच्या तसे ठेवायचा आणि मागितले की जसेच्या तसे परत द्यायचा. दोन्ही बाजूंनी सारखीच चूक, म्हणून स्क्रीनवर मराठी अगदी बरोबर. वर्षानुवर्षं.

आम्ही नवा ड्रायव्हर बसवून यूटीएफ-आठचं बटण दाबलं, आणि दुभाषी पहिल्यांदाच खरं बोलला. सर्व्हरला सांगितलं, "मला यूटीएफ-आठमध्ये दे." सर्व्हरने जुन्या नोंदींचे बाइट प्रामाणिकपणे लॅटिनमधून यूटीएफ-आठमध्ये बदलून दिले. रेघवाल्या ए-ची रांग ती इथून आली. आणि नवीन नोंदी? प्रोग्रामने पाठवलं 'बांगडा', खरोखरचं मराठी. टेबल लॅटिनचं. लॅटिनमध्ये 'ब' नाहीच. सर्व्हर जुना आणि काटेकोर मोडमध्ये नसलेला. त्याने चूक म्हणून नोंद नाकारली नाही, प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं आणि एक इशारा देऊन गप्प बसला. इशारा कोण वाचतं?

'बांगडा' मोजा. ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना. सहा प्रश्नचिन्हं. 'कोळंबी' मोजा. क, ओकार, ळ, अनुस्वार, ब, दीर्घ वेलांटी. सहा. लिलावाच्या दिवशी आलेली पाटी बांगड्याची होती की कोळंबीची, हे डेटाबेसला आता कायमचं सांगता येत नव्हतं. दर बघून अंदाज येतो हो, पण हिशेब अंदाजावर लिहायचे नसतात. त्या दोन दिवसांच्या नोंदी कागदी वहीवरून पुन्हा भराव्या लागल्या. वही होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून अशा ठिकाणी आम्ही पहिल्यांदा सर्व्हरला दोन आकडे विचारतो. 'मालवण' हा शब्द टेबलमध्ये घालायचा आणि कॅरेक्टर-लेंग्थ व लेंग्थ या दोन फंक्शननी मोजायचा. पहिलं चिन्हं मोजतं, दुसरं बाइट. पाच आणि पंधरा आलं तर सगळं ठीक. पंधरा आणि पंधरा आलं तर लॅटिन टेबलात मराठीचे बाइट ठेवलेत, म्हणजे आमच्या सोसायटीचं जुनं चित्र. पंधरा आणि तीस आलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. पाच आणि पाच आलं तर प्रश्नचिन्हं, मजकूर गेला. हे लिहून घ्या, कारण स्क्रीनवर काय दिसतं यावर विश्वास ठेवता येत नाही. पंधरा-पंधराच्या अवस्थेतही स्क्रीनवर मराठी सुंदर दिसत असतं.

जुन्या नोंदी मात्र परत मिळाल्या. बाइट शाबूत होते, त्यांच्यावरची चिठ्ठी तेवढी चुकीची होती. आधी बॅकअप घेतला, मग रकान्याचा प्रकार बदलून बायनरी केला, म्हणजे सर्व्हर त्याला मजकूर समजायचं सोडतो आणि बाइटना हात लावत नाही. मग तोच रकाना यूटीएफ-आठ-एमबी-चार संचाचा मजकूर म्हणून घोषित केला. दोन पायऱ्या, आणि त्या याच क्रमाने. थेट लॅटिनमधून यूटीएफ-आठमध्ये बदलायला गेलात तर सर्व्हर पुन्हा प्रामाणिकपणे रूपांतर करेल, आणि तुम्ही पंधरा-तीसमध्ये जाल.

हे करताना एक जुनी गोष्टही उघडी पडली. होडीच्या नावाचा रकाना ५० जागांचा होता. लॅटिनच्या हिशेबात ५० जागा म्हणजे ५० बाइट, म्हणजे मराठीची जेमतेम सोळा चिन्हं. 'श्री रामेश्वर प्रसाद' यासारखं नाव मधल्या दोन मोकळ्या जागा धरून ५६ बाइटचं होतं. ते 'श्री रामेश्वर प्रस' वरच तुटणार. अशी अर्धवट नावं यादीत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की टाइप करणाऱ्याने घाई केली. तो बिचारा उगाच बोलणी खात होता.

आता मूळ प्रश्नाकडे. 'रिझल्ट: पास' आलं होतं ना? मग चाचण्यांनी हे अडवलं का नाही? आम्ही परत जाऊन तोच मेक टेस्ट चालवला आणि या वेळी शेवटच्या ओळीऐवजी वरच्या ओळी वाचल्या. एकामागून एक फाईलपुढे लिहिलेलं होतं, 'स्किप्ड', आणि कारण, डेटाबेसशी जोडणी नाही. चाचण्यांसाठी जो युझर लागतो तो आम्ही सर्व्हरवर बनवलाच नव्हता. जोडणी न झाल्यावर चाचणी स्वतःला गाळते, आणि गाळलेली चाचणी नापास धरली जात नाही. जे थोडं डेटाबेसशिवाय तपासता येतं तेवढं तपासलं गेलं, आणि खाली छानपैकी 'पास'. वर्गात परीक्षेला कोणी बसलंच नाही, तर नापासही कोणी होत नाही.

ही व्यवस्था मूर्खपणाची नाही बरं का. जगभरातल्या कितीतरी मशीनवर हे मॉड्यूल बिल्ड होतं आणि सगळीकडे सर्व्हर हाताशी नसतो, म्हणून चाचणी गाळायची सोय दिलेली आहे. वाचायची जबाबदारी आपली.

तर चाचणी खरी व्हायची असेल तर काय करायचं? सर्व्हरवर 'टेस्ट' नावाचा वेगळा डेटाबेस करा. एक वेगळा युझर करा आणि त्याला फक्त त्या डेटाबेसवर पूर्ण अधिकार द्या, कारण चाचण्या टेबल बनवतात आणि पाडतात. खऱ्या डेटाबेसवर त्या कधीही चालवू नका. मग पर्ल मेकफाईल डॉट पीएल या कमांडलाच टेस्टडीबी, टेस्टयुझर, टेस्टपासवर्ड, आणि सर्व्हर दुसरीकडे असेल तर टेस्टहोस्ट, हे पर्याय द्या. तो पासवर्ड बिल्डच्या फोल्डरमध्ये एका फाईलीत साधाच लिहिला जातो, तेव्हा फेकून देण्यासारखा पासवर्ड ठेवा आणि काम झालं की युझर काढून टाका. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला हीच माहिती एन्व्हायर्नमेंटमधून द्यायची, डीबीआय-डीएसएन, डीबीआय-युझर, डीबीआय-पास या नावांनी. ती नसेल तर तो चाचणीपुरता स्वतःचा छोटा सर्व्हर उभा करायचा प्रयत्न करतो. ते काम साध्या युझरने करा. पोस्टग्रेस सर्व्हर रूट म्हणून चालायला साफ नकार देतो, आणि योग्यच करतो.

पण खरं सांगायचं तर आमच्या त्या चाचण्या चालल्या असत्या, तरी नावं वाचली नसती. ड्रायव्हरच्या चाचण्या स्वतःचे कोरे टेबल बनवतात. तुमच्या सोसायटीचे टेबल दहा वर्षांपूर्वी कोणत्या संचात बनले, हे त्यांना कसं कळणार? म्हणून दुसरी चाचणी आपली आपण लिहायची. खऱ्या डेटाबेसची प्रत काढायची, तिच्यावर नवा ड्रायव्हर ब्लिबमधूनच जोडायचा, आणि इन्स्टॉल करण्याआधी आपले शब्द घालून परत आणायचे. चाळीस-पन्नास ओळींचं काम आहे.

कोणते शब्द घालायचे, यात मजा आहे. 'मालवण' झालाच. 'बांगडा' आणि 'कोळंबी' आमच्या यादीत कायमचे आहेत, का ते तुम्हाला आता माहीत आहे. मग 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला आपला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. युनिकोडच्या नजरेत दुसऱ्यातला ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता. सर्व्हरवर तुलनेचा नियम 'नुक्ता, मात्रेसारखी खूण मोजू नको' असा असेल, तर समुद्र शोधताना दऱ्या सापडतील. ही ड्रायव्हरची चूक नव्हे, तुलनेचे नियम सर्व्हरचे असतात. पण चाचणीत दिसलेलं बरं. शिवाय 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड थेट ऱ देतात, तेव्हा शब्द पाच चिन्हांचा होतो. काही ठिकाणी र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात, तेव्हा सहा चिन्हांचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. आडनावांत हे फार येतं, आणि एकच माणूस यादीत दोनदा दिसतो. नोंद करतानाच एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलून घ्यायचं, दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

पुढे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये वर स्वल्पविराम येणारं डिसोझा. आपल्या किनाऱ्यावर ही नावं घरोघर आहेत. क्वेरीत नाव थेट चिकटवणाऱ्या प्रोग्रामला तो एक स्वल्पविराम आडवा करतो. प्लेसहोल्डर वापरला तर दुभाषी नाव वेगळं आणि क्वेरी वेगळी ठेवतो. शेवटी माशाचं एक इमोजी. हसू नका. मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं 'यूटीएफ-आठ' म्हणत, त्यात तीन बाइटपर्यंतचीच चिन्हं मावत. मराठी मावतं, इमोजी चार बाइटचं असल्याने मावत नाही. पूर्ण संच एमबी-चार. ऑर्डर देणारे फोनवरून शेऱ्यात इमोजी टाकतातच.

परत आणलेला प्रत्येक शब्द पर्लमध्येही मोजा. ड्रायव्हरने चिन्हं दिली असतील तर 'मालवण'ची लांबी पाच येते, नुसते बाइट दिले असतील तर पंधरा. इथे आम्हाला एक खरी घडलेली गोष्ट सांगायला आवडते. २०१७ मध्ये डीबीडी-मायएसक्यूएलच्या ४.०४२ या आवृत्तीत युनिकोडच्या हाताळणीतल्या जुन्या चुका दुरुस्त केल्या गेल्या. दुरुस्ती योग्य होती. पण असंख्य प्रोग्राम त्या चुकांना धरूनच लिहिलेले होते, आणि ते बिघडले. त्यामुळे ४.०४३ मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली गेली. पुढे ती धरून वेगळा निघालेला ड्रायव्हर म्हणजे मघाचा डीबीडी-मारियाडीबी. म्हणजे आमच्या सोसायटीत जे झालं, त्याच जातीचं दुखणं जगभर झालं होतं. कोणाची बाजू बरोबर, यावर आम्हा दोघांत अजून वाद आहे. एक म्हणतो चूक ती चूक, दुरुस्त केलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, दुभाष्याने वीस वर्षं चुकीचं सांगितलं असेल तर एका रात्रीत बरोबर बोलायच्या आधी दोन्ही घरांना कळवावं. आमचं एकमत होतं ते एवढ्यावरच, की आवृत्ती बदलताना बदलांची यादी वाचायची आणि 'युनिकोड' हा शब्द दिसला की थांबायचं.

इन्स्टॉलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बिल्ड आणि चाचणी साध्या युझरने, फक्त मेक इन्स्टॉल सुडोने. मशीनवर दोन पर्ल असतील तर ज्याने बिल्ड केलं त्याच पर्लसाठी तो ड्रायव्हर आहे, दुसरा पर्ल त्याला उचलू शकत नाही. आणि क्लायंट लायब्ररीचा आकडा लक्षात ठेवा. मायएसक्यूएल ५.५ च्या काळात त्या फाईलीच्या शेवटी १८ होता, ५.७ ला २०, आठला २१. सिस्टम अपग्रेडमध्ये जुनी लायब्ररी निघून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर 'ती फाईल उघडता येत नाही' म्हणतो. ड्रायव्हर बिघडलेला नसतो, त्याच्या पायाखालची फळी गेलेली असते. नव्या लायब्ररीवर पुन्हा बिल्ड करायचं, पुन्हा तपासायचं.

प्रश्न घेऊया.

प्रश्न: आम्ही सीपीएएनएम वापरतो, तो सगळं आपोआप करतो. मग हे सगळं कशाला?

उत्तर: तो चाचण्याही आपोआप चालवतो, ही चांगली गोष्ट. पण तपशील पडद्यावर न दाखवता लॉगमध्ये टाकतो. लॉग उघडून 'स्किप्ड' शोधा. आणि चाचणी नापास झाली की 'फोर्स' किंवा 'नोटेस्ट' लावून पुढे जायची जी सवय असते, ती निदान डेटाबेस ड्रायव्हरसाठी सोडा. तारखेचा हिशेब करणारं मॉड्यूल चुकलं तर उद्या दुरुस्त करता येतं. ड्रायव्हर चुकला तर चुकीचं लिहून ठेवतो.

प्रश्न: आमच्याकडे पायथन आहे. तिथे बिल्ड करावं लागत नाही ना?

उत्तर: काही ठिकाणी नाही. पोस्टग्रेसच्या सायकोपीजी-दोनचं बिल्ड केलेलं 'बायनरी' पॅकेज मिळतं, पण खऱ्या कामाच्या सर्व्हरवर सोर्समधून बिल्ड केलेलाच वापरा असं ते लोक स्वतः सांगतात. मायएसक्यूएलसाठी पायमायएसक्यूएल पूर्ण पायथनमध्ये आहे, कंपायलर लागत नाही. जावाचे बरेचसे ड्रायव्हर पूर्ण जावाचे आहेत. बिल्डची कटकट वाचते. 'मालवण' घालून पाच-पंधरा बघायचं काम तिथेही राहतंच, कारण टेबल तुमचेच आहेत.

प्रश्न: नेट नसेल तर?

उत्तर: जिथे नेट आहे तिथे सगळी अवलंबित मॉड्यूलंही उतरवून घ्या, नुसता ड्रायव्हर नेऊ नका. डीबीआय आधी, ड्रायव्हर नंतर. सिस्टमची डेव्ह पॅकेजं लोक विसरतात, तीही घ्या. एसक्यूलाईटचा ड्रायव्हर मात्र डेटाबेसचा सोर्स पोटातच घेऊन येतो, त्याला डीबीआय आणि कंपायलर पुरतो. छोट्या कामाला तोच घ्या, असं आम्ही हल्ली बऱ्याच जणांना सांगतो.

प्रश्न: त्या आजोबांचं नाव परत आलं का?

उत्तर: आलं. त्यांचं सभासदत्व जुनं, त्यामुळे मूळ नोंदीतले बाइट शाबूत होते. प्रश्नचिन्हं झाली ती नव्या हंगामाच्या यादीत पुन्हा भरलेल्या नोंदीत. ती वहीवरून भरली. आता त्यांच्या नावाची चिन्हं आणि बाइट आमच्या चाचणीत कायमचे आहेत, त्यांना विचारूनच घातले. या आठवड्यात त्याच सोसायटीत ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवायची आहे. होड्या किनाऱ्यावर आहेत तोवर, म्हणजे ३१ जुलैच्या आत. ज्यांना बघायला यायचं आहे त्यांनी बाहेर नाव लिहून द्या, मराठीत.